डोडोची बदनामी आणि एका मोगल चित्राची साक्ष

रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात एक मोगल चित्र जतन करून ठेवले आहे. चित्रात बरेच पक्षी आहेत. वरच्या बाजूला एक छोटा हिरवा पोपट आणि हिमालयात आढळणारा ट्रॅगोपॅन, खाली डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस आणि माळरानावर राहणाऱ्या पखुर्ड्या. या सगळ्यांच्या मधोमध एक मोठा तपकिरी पक्षी उभा आहे. चोच जाड आणि टोकाला वाकलेली, पंख नावापुरते, पाय दणकट. हा पक्षी हिंदुस्थानातला नाही. तो आहे डोडो, मॉरिशस बेटावरचा.

या चित्रावर कुणाची सही नाही, पण जाणकार ते उस्ताद मन्सूर यांच्या हातचे मानतात. मन्सूर हे बादशाह जहांगीरच्या दरबारातले चित्रकार. चित्राचा काळ साधारण १६२५ ते १६३३ च्या दरम्यानचा सांगितला जातो. १९५० च्या दशकात पक्षीशास्त्रज्ञांचे लक्ष या चित्राकडे गेले आणि जिवंत डोडोच्या सर्वात विश्वासार्ह चित्रांमध्ये त्याची गणना होऊ लागली.

डोडो सगळ्यांना माहीत आहे तो दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे तो नष्ट झाला आणि दुसरी म्हणजे तो मूर्ख होता. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी गोष्ट ज्यांनी त्याला संपवले त्यांनीच लिहून ठेवलेली आहे. म्हणूनच या पक्ष्याचा इतिहास नुसत्या प्राणिशास्त्राचा विषय राहत नाही. एखाद्याला संपवल्यानंतर त्याची आठवण कोण लिहितो आणि कशी लिहितो, हा प्रश्नही त्यात आहे.

माणसाविना असलेले बेट

मॉरिशस हे हिंदी महासागरातले ज्वालामुखीतून वर आलेले बेट. मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्यापेक्षाही बरेच लहान. भूगर्भशास्त्रज्ञांच्या मते त्याचे वय सुमारे ८० लाख वर्षे आहे. ते कधीही कुठल्या खंडाला जोडलेले नव्हते. त्यामुळे तिथे जे काही पोहोचले ते उडत, वाहत किंवा तरंगत.

चार पायांचे सस्तन प्राणी इतका समुद्र ओलांडू शकले नाहीत. वटवाघळे तेवढी पोहोचली. कासवे पाण्यावर तरंगत आली आणि पुढे त्यांच्यापासून महाकाय कासवांच्या दोन जाती झाल्या. पोपट आले. त्यातल्या एका जातीची चोच तर डोक्याच्या मानाने अवाढव्य होती. लाल रंगाची, उडता न येणारी एक पाणकोंबडीही होती. आणि कधी काळी आग्नेय आशियाच्या बाजूने कबुतरांच्या कुळातले काही पक्षी या बेटांवर येऊन स्थिरावले.

डोडो हा त्या कबुतरांचा वंशज. १८४२ मध्ये डेन्मार्कच्या योहानेस राइनहार्ट यांनी डोडोची कवटी पाहून तो कबुतराच्या कुळातला असल्याचे सांगितले, तेव्हा लोक हसले होते. पण २००२ मध्ये डीएनए तपासणीतून तेच सिद्ध झाले. डोडोचा आज हयात असलेला सर्वात जवळचा नातलग म्हणजे निकोबारी कबुतर, आपल्याच अंदमान-निकोबारकडचे.

बेटावर शिकारी प्राणी नव्हते. अन्न जमिनीवरच मिळत होते. उडण्यासाठी छातीचे मोठे स्नायू पोसावे लागतात. ज्याला कुणापासून पळायचेच नाही त्याने हा खर्च कशासाठी करावा? हजारो पिढ्यांमध्ये पंख आखूड झाले, शरीर वाढले. डोडो साधारण एक मीटर उंचीचा आणि दहा किलोहून जास्त वजनाचा झाला. या बदलाला ऱ्हास म्हणता येणार नाही. त्या घराला साजेसे ते जगणे होते.

या बेटाची खबर अरब दर्यावर्दींना बरीच आधी होती. १५०२ च्या कान्तिनो नावाच्या पोर्तुगीज नकाशात या भागातली तीन बेटे अरबी वळणाच्या नावांनी दाखवली आहेत. त्यातले 'दीना आरोबी' हे मॉरिशस मानले जाते. अरबांनी तिथे वस्ती केल्याच्या खुणा मात्र नाहीत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज येऊन गेले, तेही राहिले नाहीत. बेट अजून पक्ष्यांचे आणि कासवांचेच होते.

साठ-नव्वद वर्षांचा खेळ

सप्टेंबर १५९८ मध्ये डच जहाजे मॉरिशसला लागली. ॲडमिरल वायब्रांट फान वारविक यांनी राजपुत्र मॉरित्स याच्या नावावरून बेटाला मॉरिशस हे नाव दिले. पुढची चाळीस वर्षे जहाजे यायची, पाणी भरायची, कासवे आणि पक्षी मारून खायची आणि मसाल्याच्या बेटांकडे निघून जायची. १६३८ मध्ये डचांनी वस्ती केली. बेटावरच्या काळ्याभोर आबनुसाच्या लाकडाला युरोपात भाव होता. तो तोडण्यासाठी मादागास्करमधून गुलाम आणले गेले. जावा बेटावरून ऊस आला, हरणे आली.

डोडो खलाशांनी मारून खाऊन संपवले अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धवट आहे. सतराव्या शतकात बेटावर माणसे फार थोडी होती. बंदुका आणि दंडुके घेऊन तेवढ्या माणसांनी आख्ख्या जंगलातले पक्षी वेचून मारणे कठीण. खरे नुकसान केले ते जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी, माकडांनी आणि बकऱ्यांनी. डोडो जमिनीवर अंडी घालायचा, आणि तीही बहुधा एका वेळी एकच. अंडी खाणारा कुणी असतो हेच त्या पक्ष्याच्या लाखो वर्षांच्या अनुभवात नव्हते. वरून जंगल तोडले जात होते.

१६६२ मध्ये 'आर्नहेम' हे डच जहाज फुटले आणि वाचलेले खलाशी मॉरिशसला लागले. त्यांच्यातल्या फोल्कर्ट एव्हर्ट्स याने किनाऱ्याजवळच्या एका छोट्या बेटावर डोडो पाहिल्याचे लिहिले आहे. जिवंत डोडो पाहिल्याची सर्वसाधारणपणे मान्य असलेली ही शेवटची नोंद. तो लिहितो की एका पक्ष्याचा पाय धरला की तो ओरडायचा, ती हाक ऐकून बाकीचे त्याच्या मदतीला धावत यायचे आणि मग तेही पकडले जायचे.

ही नोंद दोन प्रकारे वाचता येते. पकडणाऱ्याच्या बाजूने वाचली तर पक्षी मूर्ख आहे, स्वतःहून हातात येतो. पकडल्या गेलेल्याच्या बाजूने वाचली तर आपल्यातला एक संकटात आहे म्हणून बाकीचे धावून येतात. पुढची तीनशे वर्षे जगाने ती पहिल्या प्रकारेच वाचली.

एव्हर्ट्सनंतरही काही नोंदी मिळतात. त्या सगळ्यांचे गणित मांडून २००३ मध्ये दोन संशोधकांनी असा अंदाज दिला की डोडो साधारण १६९० पर्यंत कुठेतरी तग धरून असावा. म्हणजे माणूस येऊन पुरती शंभर वर्षेही झाली नव्हती.

नावातच शिवी

पहिल्या डच खलाशांनी या पक्ष्याला जे नाव दिले त्याचा अर्थ 'किळसवाणा पक्षी' असा होतो, कारण त्याचे मांस शिजवायला चिवट लागले. डोडो हे नाव कुठून आले याबद्दल मतभेद आहेत. कुणी ते वेडा या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाशी जोडतात, तर कुणी आळशी किंवा ढुंगणावर पिसांचा झुपका असलेला या अर्थाच्या डच शब्दांशी. कुठलाही अर्थ घ्या, कौतुकाचा एकही नाही.

१७६६ मध्ये, डोडो नाहीसा होऊन पाऊणशे वर्षे झाल्यावर, आधुनिक वर्गीकरणशास्त्राचे जनक लिनियस यांनी त्याला 'डिडस इनेप्टस' असे शास्त्रीय नाव दिले. इनेप्टस म्हणजे नालायक, अकार्यक्षम. हे नाव पुढे शास्त्राने बाजूला सारले, पण शिक्का बसायचा तो बसला. खलाशांच्या तोंडची शिवी शास्त्राच्या दप्तरात गेली. इंग्रजीत आजही मठ्ठ माणसाला डोडो म्हणतात.

युरोपातल्या चित्रांनीही त्यात भर घातली. प्रागच्या राजदरबारात काम केलेल्या रोलांट साव्हेरी या चित्रकाराने डोडोची अनेक चित्रे काढली. त्यातला डोडो फुगलेला, बेढब, स्वतःचेच वजन न पेलणारा दिसतो. ती चित्रे पिंजऱ्यात कोंबून खाऊ घातलेल्या किंवा पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून आणि एकमेकांवरून काढलेली असावीत असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. पण जगाच्या डोळ्यांसमोर तोच लठ्ठ डोडो राहिला. १८६५ मध्ये आलेल्या लुईस कॅरोल यांच्या 'ॲलिस'च्या गोष्टीतून तो लहान मुलांपर्यंत पोहोचला.

अजून एक टप्पा राहिला होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत डोडोचे अवशेष इतके थोडे उरले होते की असा पक्षी खरेच होता का, की ती खलाशांची थाप होती, अशी शंका जाणकारही घेऊ लागले. ऑक्सफर्डमध्ये एक वाळलेले डोके आणि एक पाय एवढाच काय तो कातडीसह पुरावा शिल्लक होता. १८४८ मध्ये स्ट्रिकलंड आणि मेलव्हिल या दोघांनी सगळे पुरावे एकत्र करून डोडोवर ग्रंथ लिहिला, तेव्हा कुठे ही शंका मागे पडली.

हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी संपवले गेले. मग तो त्याच लायकीचा होता असे ठरले. शेवटी तो होताच कशावरून, असे विचारले गेले.

विज्ञानाने आता ही बदनामी बरीचशी पुसली आहे. २०१६ मध्ये डोडोच्या कवटीचे स्कॅन करून मेंदूचा आकार मोजला गेला. शरीराच्या मानाने तो इतर कबुतरांइतकाच निघाला, आणि वास घेण्याशी संबंधित भाग तर चांगलाच मोठा. मॉरिशसमध्ये सापडलेल्या सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या हाडांच्या थरावरून त्या काळी तिथे मोठा दुष्काळ पडल्याचे दिसते. पाण्याच्या शोधात आलेले असंख्य प्राणी त्या तळ्यात मेले. डोडोची जात त्यातूनही वाचली. दरवर्षीची चक्रीवादळे तिने पचवली. ज्या बेटासाठी ती घडली होती, तिथे ती पुरेपूर लायक होती.

सुरतेच्या वाटेने

आता पुन्हा त्या मोगल चित्राकडे येऊ. मॉरिशसचा डोडो हिंदुस्थानात आला कसा?

पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत १६२८ ते १६३४ च्या दरम्यान हिंदुस्थानात होता. त्याने सुरतेत दोन डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. ते मॉरिशसहून आणलेले होते. सुरत हे त्या काळात मोगलांचे सर्वात मोठे बंदर. हज यात्रेची जहाजे तिथूनच निघत आणि डच-इंग्रजांच्या वखारीही तिथेच. १६३८ मध्ये मंडी मॉरिशसजवळून गेला तेव्हा त्याने एक मार्मिक प्रश्न टिपून ठेवला. ना उडता येत, ना पोहता येत, मग हे पक्षी इतक्या दूरच्या बेटावर पोहोचले कसे, आणि दुसरीकडे कुठेच कसे नाहीत? उत्क्रांतीचा सिद्धांत मांडला जाण्याआधी सव्वादोनशे वर्षे हा प्रश्न एका साध्या प्रवाशाला पडला होता.

दूरदेशीचे प्राणी मोगल दरबारात येणे नवे नव्हते. १६१२ मध्ये मुकर्रब खान यांनी गोव्याहून काही अजब जीव आणले होते. त्यात अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत आलेली टर्की होती. जहांगीरने आपल्या आठवणींत तिचे बारकाईने वर्णन केले आहे. तिथेच तो म्हणतो की बाबर बादशाहने प्राण्यांची वर्णने लिहिली, पण चित्रकारांना त्यांची चित्रे काढायला सांगितले नाही. जहांगीरने ती उणीव भरून काढली. १६२१ मध्ये हबशांच्या मुलखातून झेब्रा आला, तेव्हा हे पट्टे कुणी रंगवलेले तर नाहीत ना, याची दरबारात तपासणी झाली. खात्री पटल्यावरच मन्सूर यांच्याकडून त्याचे चित्र काढवले गेले. सारस पक्ष्यांच्या एका जोडीला लैला-मजनू अशी नावे देऊन जहांगीरने त्यांच्या अंडी उबवण्याच्या नोंदी ठेवल्या.

मुंबईचे पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांनी १९२७-२८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात मोगल बादशाहांच्या निसर्गनिरीक्षणावर लेखमाला लिहिली होती. मोगलांचा इतिहास म्हणजे फक्त लढाया आणि तख्तासाठी भावांचे खून, एवढेच ज्यांनी शाळेत वाचले त्यांनी ती जरूर वाचावी.

जहांगीरने मन्सूर यांना 'नादिर-उल-अस्र' म्हणजे आपल्या काळातील अद्वितीय असा किताब दिला होता. डोडोच्या चित्रावर विश्वास का ठेवायचा, याचे कारण या पदवीत नाही, ते चित्रातच आहे. आपल्याकडे हदीसच्या अभ्यासात एखादी गोष्ट स्वीकारण्याआधी ती सांगणारा रावी कसा आहे हे पाहतात. त्याने इतर ठिकाणी खरे सांगितले आहे का, त्याची स्मरणशक्ती कशी आहे, त्याचा काही स्वार्थ आहे का? तीच कसोटी इथे लावता येते. डोडोभोवतीचे हंस, पखुर्ड्या, ट्रॅगोपॅन आज हयात आहेत. त्यांची चित्रे प्रत्यक्ष पक्ष्यांशी ताडून पाहता येतात, आणि ती पिसापिसाला जुळतात. जो चित्रकार बाकीच्यांच्या बाबतीत खरा ठरतो, त्याची डोडोबद्दलची साक्ष खोटी मानायला आधार नाही. शिवाय त्याला हा पक्षी खायचाही नव्हता आणि त्याची टिंगलही करायची नव्हती.

या चित्रातला डोडो साव्हेरीच्या डोडोसारखा बेढब नाही. तो स्वतःच्या पायांवर नीट उभा आहे. बाजूच्या हंसाला जो मान आहे तोच त्यालाही आहे.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. जहांगीर हा भयंकर शिकारी होता. त्याच्या आठवणींतच हिशेब दिला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ जनावरे मारली गेली आणि त्यातली १७,१६७ त्याने स्वतःच्या हाताने मारली. जे डोळे सारसाच्या अंड्याजवळ तासन्‌तास थांबत होते, तेच बंदुकीच्या नळीवरूनही पाहत होते. आणि सुरतेला आलेले डोडो शेवटी कैदी होते. असेच कैदी लंडनला गेले, १६४७ मध्ये एक जपानच्या नागासाकीपर्यंतही गेला. राजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या हौसेसाठी बेट रिकामे करण्यात पूर्व आणि पश्चिम दोघांचाही वाटा होता. फरक इतकाच की आग्र्याच्या परंपरेतल्या एका कारागिराने समोरच्या जिवाला आधी नीट पाहिले. तेवढ्यामुळे डोडो वाचला नाही. पण तो खरा कसा होता हे उरले.

अळूच्या तळ्यातले पाय

डचांनी १७१० मध्ये मॉरिशस कायमचे सोडले. १७१५ मध्ये फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. ऊस वाढत गेला, जंगल मागे हटले. महाकाय कासवे जहाजांवर ताजे मांस म्हणून हजारोंनी लादली गेली आणि संपली. १७६२ मध्ये टोळांचा बंदोबस्त करण्यासाठी हिंदुस्थानातून साळुंक्या नेऊन सोडल्या. त्या आजही तिथे सगळीकडे दिसतात. १७६९ मध्ये पिएर प्वाव्र यांच्या काळात जमिनीचा चौथा हिस्सा जंगलाखाली ठेवण्याचा कायदा झाला, कारण झाडे गेली तर पाऊस जाईल ही भीती तोवर जाणवू लागली होती. कायदा चांगला होता, पण साखरेचा भाव त्याहून चांगला होता.

गुलामी बंद होण्याच्या सुमारास, १८३४ पासून, उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यास सुरुवात झाली. कोलकाता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून पुढच्या सुमारे आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे तिथे गेली. त्यात भोजपुरी, तमिळ, तेलुगू होते, तसेच रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. हिंदू होते, मुसलमान होते. पोर्ट लुईसच्या ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा स्थळ आहे.

१८६५ मध्ये बेटाच्या आग्नेय भागात, माहेबुर्गजवळच्या एका साखर मळ्यातल्या दलदलीत मजूर खताची काळी माती खणत होते. या दलदलीचे नाव 'मार ओ सोंज'. सोंज म्हणजे अळू, तेव्हा आपल्या भाषेत अळूचे तळे. रेल्वेचे एक इंजिनिअर हिगिन्सन तिथून जात असताना त्यांना दिसले की मजूर मातीतून निघणारी हाडे वेगळी काढून त्यांचे ढीग लावत आहेत. ही बातमी माहेबुर्गचे शिक्षक जॉर्ज क्लार्क यांच्यापर्यंत पोहोचली. ते अनेक वर्षे डोडोची हाडे शोधत होते. क्लार्क यांनी मजुरांना तळ्याच्या मध्यभागी उतरवले. पाणी जवळपास कमरेला लागत होते. अनवाणी पायांनी चिखल चाचपत मजुरांनी एकेक हाड शोधून काढले.

आज जगभरच्या संग्रहालयांत डोडोचे जे सांगाडे दिसतात, त्यातले बहुतेक या तळ्यातल्या हाडांतून जुळवलेले आहेत. १८६६ मध्ये लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी या हाडांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि नाव त्यांचे झाले. क्लार्क यांचेही नाव इतिहासात राहिले. चिखलात उतरलेल्यांच्या वाट्याला 'कुली' हा एक शब्द आला.

त्या वेळी बेटावरचे बहुसंख्य लोक हिंदुस्थानी होते आणि मळ्यातला कुली म्हणजे हिंदुस्थानी मजूर हे ठरलेलेच होते. पटना, रत्नागिरी किंवा मद्रासकडून निघालेल्या या माणसांना गोऱ्या मालकांच्या भाषेत आळशी, अडाणी, मठ्ठ हीच विशेषणे लावली जात. डोडो होता की नव्हता हा वाद कायमचा मिटवणारा पुरावा त्यांच्या तळपायांना लागला.

तोच खेळ आज

मॉरिशसची गोष्ट डोडोपाशी संपत नाही. १९७४ मध्ये मॉरिशस केस्ट्रेल या छोट्या ससाण्याचे जंगलात फक्त चार पक्षी उरल्याचे माहीत होते. मलेरियाविरोधी मोहिमेत फवारलेल्या डीडीटीने आणि जंगलतोडीने ही वेळ आणली होती. गुलाबी कबुतर, म्हणजे डोडोच्याच कुळातले, १९९० च्या सुमारास दहावर आले होते. आपल्या राघूचा जवळचा भाऊबंद असलेला एको पोपट विसाच्या आत होता.

हे तिघेही आज जिवंत आहेत. १९७९ मध्ये तिथे गेलेले वेल्श जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी अंडी उबवून, पिल्ले वाढवून, उंदीर-मांजरांपासून घरटी राखून त्यांची संख्या शेकड्यांवर नेली. चांगल्या स्थितीतले मूळ जंगल दोन टक्क्यांहून कमी उरले असताना हे घडले. ईल ओ एग्रेत या २६ हेक्टरच्या बेटावर उंदीर काढून टाकले, परकी झुडपे उपटली आणि नष्ट झालेल्या कासवांचे काम करायला आल्दाब्राहून दुसरी महाकाय कासवे आणली. ती फळे खातात आणि बिया पेरत फिरतात.

पण याच देशात २०१५ पासून सरकारी मोहिमांमध्ये हजारो फळवटवाघळे मारली गेली. त्यांच्यावर आरोप हा की ती लिची आणि आंबे खातात. मूळच्या झाडांच्या बिया दूरवर नेणारा हा बेटावरचा फार महत्त्वाचा जीव. २०१८ मध्ये त्याची नोंद धोक्यातल्या प्रजातींत वरच्या पायरीवर गेली. बागायतदाराचे नुकसान खोटे नाही, झाडांना जाळी लावण्याचा उपायही उपलब्ध आहे. तरी उपद्रवी हा शिक्का आधी बसला आणि मग बंदुका निघाल्या.

मॉरिशसमध्ये ईदचीही सार्वजनिक सुट्टी असते आणि गणेश चतुर्थीचीही. तिथला एकही माणूस त्या बेटाचा मूळचा नाही. सगळे कधी ना कधी जहाजातून उतरले आहेत, कुणी साखळदंडांत, कुणी करारावर, कुणी तोफा घेऊन. तिथे मूळचे म्हणावे तर ते कबुतर, तो ससाणा आणि ते वटवाघूळ. आणि त्यांना वाचवण्यासाठी खपणारे हात या उतरलेल्यांच्याच नातवंडा-पतवंडांचे आहेत. मूळचे कोण आणि बाहेरचे कोण, या वादात रोज जळणाऱ्या आपल्या समाजाने हे जरा निवांत बसून पाहावे.

कुरआनच्या सूरह अल-अनआममध्ये, अडतिसाव्या आयतीत, जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या जीवांसाठी 'उम्मत' याच शब्दाचे अनेकवचन वापरले आहे. त्यांचेही समुदाय आहेत, जसा आपला आहे. या अर्थाने डोडो ही एक उम्मत होती. तिने कुणाचे काही बिघडवले नव्हते. आपल्यातला एक ओरडला तर बाकीचे धावून येत, हा तिचा स्वभाव होता, आणि इतिहासात तिच्या नावापुढे 'मूर्ख' असे लिहिले गेले.

ते खोडायला साडेतीनशे वर्षे लागली. त्यासाठी उस्ताद मन्सूर यांच्यासारख्यांची नजर लागली, अळूच्या तळ्यातल्या मजुरांचे अनवाणी पाय लागले आणि प्रयोगशाळेतल्या माणसांची चिकाटी लागली. म्हणून यापुढे कुणी एखाद्याला, माणसाला काय किंवा माणसांच्या एखाद्या समूहाला काय, मागास, बिनडोक, कालबाह्य ठरवू लागले, तर आपण आधी एवढेच विचारावे की हे लिहिणारा कोण आहे, आणि त्याच्या हातात लेखणीशिवाय आणखी काय आहे.